मोडी गिरवून मन शांत होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"रोज सकाळी मोडी गिरवत बसता, त्याने मन शांत होतं का हो?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते. (कुणबी नोंद वाचून द्याल का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर फोनवर.)

होतं. कधीकधी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं, हात शक्यतो न उचलता, एकातून दुसरं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची कटकट नाही. हातातलं अक्षर संपायच्या आत पुढचं कुठून वळणार ते डोक्यात तयार लागतं, त्यामुळे लाइटबिल, सासूबाईंच्या गोळ्या, ऑफिसातला तो मेल, कशालाच जागा उरत नाही. पंधरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला सगळं परत हजर, तेही सांगते.

पूर्वी मी तोऱ्यात नॉर्वेचा दाखला द्यायचे. ट्रॉन्डहाइमला ३६ विद्यार्थ्यांना २५६ सेन्सरची टोपी घालून तपासलं, जोडून लिहिताना मेंदूचे भाग एकमेकांशी जास्त बोलतात, टाइप करताना तेवढे नाही, २०२४ साली छापून आलं वगैरे. भाचीने पेपरच उघडला, "आत्या, टायपिंग एकाच बोटाने करायला लावलंय गं!" त्यानंतर मी नॉर्वेचं नाव काढलं नाही.

आता खरं सांगते. दादा आयसीयूत होता, तिसरी रात्र. बाहेरच्या बाकावर मी मेडिकलच्या बिलाच्या पाठीवर लिहीत होते, तीर्थस्वरूप दादा यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि पुढे काय लिहायचं सुचेना म्हणून परत तेच, परत तेच, रेघ ओढ, लिही. हात थरथरत नव्हता. श्वास लागला होता तोही बसला. म्हटलं बघा, होतो की नाही उपयोग! मग कुणीतरी खांदा हलवला, भाची होती, म्हणाली, आतून दोनदा हाक मारली तुला, बाबांनी डोळे उघडले होते. मी गेले तेव्हा मिटलेले होते. परत उघडले नाहीत.

"तू अशी शांत कशी बसू शकतेस?" ती एवढंच म्हणाली.

तुम्ही ज्याला एकाग्रता म्हणता ना, ती हीच. मोडी नसती तरी मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले असते, हाक तेव्हाही चुकली असती, असं मी स्वतःला बरेचदा समजावलंय. पटतं का? एक दिवस पटतं. वर्षभर वही बंद ठेवली, झोप गेली, परत उघडली. म्हणजे उपयोग आहेच ना? असेल बाई. आता टेबलाशी न बसता हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसते.

परवा भाचीला ते बिल सापडलं. "काय लिहिलंयस, वाच ना." मी म्हटलं, अक्षर फार घसट आहे, लागत नाही.

लागतं.