रोजनिशी: कलम 154

आज दिवसभर एकच कलम डोक्यात घोळतंय. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या 2010 च्या राज्यघटनेतलं कलम 154. आधीचं कलम 27 सांगतं, सलग असो वा नसो, कोणालाही राष्ट्राध्यक्षपदाच्या दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत. 154 त्यावर शिक्का मारतं: मुदती किती आणि किती वर्षांच्या, यात दुरुस्ती करताच येणार नाही. कुलूप घालून किल्ली समुद्रात फेकलेली. 2010 मध्येच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आल्फा कोंडे यांनी कुलपाला हातच लावला नाही, घरच नवं बांधलं.

हे कलम हवेतून आलं नव्हतं. 2001 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लान्साना कोंटेंनी सार्वमत घेऊन दोन मुदतींची अट काढली होती. याच कोंटेंच्या राजवटीत 1998 च्या मतदानानंतर लगेच विरोधी नेते कोंडेंना अटक झाली, पुढे पाच वर्षांची शिक्षा लागली आणि 2001 च्या मेमध्ये माफी मिळून ते सुटले. त्याहीआधी, 1970 मध्ये, पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरेंच्या काळात कोंडेंना गैरहजेरीत फाशीची शिक्षा. म्हणजे कलम 154 ची गरज या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होती!

2010 ची निवडणूक तर विलक्षणच. पहिल्या फेरीत, 27 जूनला, सेलू दालेन डियालोंना 43.69 टक्के, कोंडेंना 18.25. दुसरी फेरी जुलैमध्ये व्हायची, ती पुढे ढकलत ढकलत 7 नोव्हेंबरवर गेली. या चार महिन्यांत जुळवाजुळव झाली, आणि निकाल लागला 52.52 टक्के, कोंडेंच्या बाजूने. वय 72. डियालोंच्या समर्थकांना तो उशीर कधीच पचला नाही. 2015 मध्ये मात्र कोंडे पहिल्याच फेरीत जिंकले, आणि दोन मुदतींचा हिशेब तिथे संपायला हवा होता.

दुरुस्तीला बंदी, पण अख्खी घटना बदलायला? त्यावर जुना मजकूर गप्प होता. म्हणून नव्या घटनेवर सार्वमत. तारीख ठरली 1 मार्च 2020. मतदारयादीत सुमारे 25 लाख संशयास्पद नावं असल्याचा आक्षेप आला, तेव्हा ती 22 मार्चवर गेली. विरोधकांचा बहिष्कार, रस्त्यावर एफएनडीसी या विरोधी आघाडीचे मोर्चे, गोळीबार, मृत्यू. आणि गंमत पाहा, नव्या घटनेतही अट दोनच मुदतींची! फक्त मुदत पाचऐवजी सहा वर्षांची. जुन्या मुदती धरायच्या असं कुठे लिहिलेलं नाही, मग मोजणी शून्यापासून. ऑक्टोबरमध्ये 59.5 टक्के मतं आणि 82 व्या वर्षी तिसरी मुदत.

ती वर्षभरही टिकली नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये पेट्रोल लिटरमागे 9,000 गिनी फ्रँकवरून 11,000 झालं. लोक आधीच वैतागलेले. तरी घाव रस्त्यावरून आला नाही. 2018 मध्ये कोंडेंच्याच काळात उभ्या राहिलेल्या विशेष दलाने 5 सप्टेंबरला, रविवारी सकाळी, राजधानी कोनाक्रीतल्या राजवाड्यावर चाल केली. दलाचा प्रमुख ममादी डुंबूया, एकेकाळचा फ्रेंच परदेशी फौजेतला सैनिक. बंडाची धास्ती घेणाऱ्या राज्यकर्त्यांचं नेहमी इथेच चुकतं: सगळ्यात चांगली हत्यारं आणि प्रशिक्षण एकाच तुकडीला, आणि तीच राजवाड्याच्या सगळ्यात जवळ.

त्या दिवसाचं एक चित्र जगभर फिरलं. सोफ्यावर कोंडे, जीन्स, शर्टाची बटणं उघडी, पाय अनवाणी, आजूबाजूला सैनिक.

घटना बरखास्त करून डुंबूयांनी संक्रमणकाळाची सनद आणली. त्या काळात सत्तेत असणाऱ्यांनी पुढची निवडणूक लढवायची नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. 21 सप्टेंबर 2025 ला पुन्हा नव्या घटनेवर सार्वमत झालं. ही बंदी तीत नव्हती. मुदत आता सात वर्षांची. डिसेंबरमध्ये डुंबूया उभे राहिले आणि निवडून आले.