शेपटीला पान पुरेना

सकाळी पावणेसहाला दादरला लोकल पकडली तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता. पिशवीत दुर्बीण, दोन पेन्सिली, खोडरबर आणि तळहाताहून थोडी मोठी वही. बोरिवलीला पूर्वेच्या बाजूला सर उभेच होते. शाळेत त्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून ते फक्त पक्षी काढतात. महिन्याभरापूर्वी त्यांना फोनवर म्हणाले होते, "सर, मला मॅगपाय काढायचाय." त्यावर ते म्हणाले, "अगं, त्यासाठी लडाखला जावं लागेल. पण त्याचा भाऊबंद बघायचा असेल तर नॅशनल पार्कात ये."

तो काळा-पांढरा, लांब शेपटीचा मॅगपाय लेहच्या आसपास घरांच्या कुंपणांवर सहज दिसतो, मुंबईत नाही. इथे मॅगपाय भेटतो तो नात्यागोत्यात. दयाळच्या इंग्रजी नावात मॅगपाय आहे, पण ते साम्य रंगापुरतंच. दयाळ माशीमारांच्या कुळातला. खरं रक्ताचं नातं टकाचोराचं, कारण तोही कावळ्याच्या कुळातला. त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द 'डेंड्रोसिट्टा', म्हणजे ग्रीकमध्ये झाडावरचा मॅगपाय. दुसरा शब्द 'व्हॅगाबुंडा', लॅटिनमध्ये भटक्या. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १७९० मध्ये तो दिला.

तिकीट काढून आत शिरलो. फेब्रुवारीतली दहिसर नदी, दगडांमधून वाट काढणारं थोडंसं पाणी. रस्त्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ होती, पण कान्हेरीच्या दिशेने थोडं पुढे गेल्यावर माणसं विरळ झाली. एका वळणावर काटेसावर फुलली होती. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. झाडाखाली पडलेल्या फुलांवर मुंग्या, वर बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांचा बाजार भरलेला. सर म्हणाले, "इथेच बसू. तो येणार."

अर्ध्या तासाने तो आला. आधी आवाज आला, गोड, घुंगरासारखा, "को-की-ला". इतका मऊ आवाज कावळ्याच्या घरातला असेल असं वाटत नाही. मग पंखांची भरभर फडफड, मग पंख आणि शेपूट पसरून छोटी तरंगती झेप, पुन्हा फडफड. फांदीवर बसला आणि शेपूट मागून येऊन स्थिरावली. डोकं-मान धुरकट काळी, अंग विटकरी, पंखावर राखाडी-पांढरा पट्टा, शेपूट राखाडी आणि टोकाला काळी. अंगाने साळुंकीएवढा, पण शेपूट चांगलीच लांब. त्याने फुलात चोच खुपसली, मधावर ताव मारला आणि दुसऱ्या फुलाकडे वळला.

मी वही उघडली. डोकं काढलं, पोट काढलं, पंख काढला आणि पान संपलं. शेपूट राहिली. दुसऱ्या पानावर लहान काढायला घेतला, तर डोकं वाटाण्याएवढं झालं आणि चोचीची बाकदार जाडी हरवली. तिसऱ्या पानावर शेपूट वळवून पानात कोंबली. सरांनी बघितलं आणि माझ्या हातातली पेन्सिलच घेतली.

"अगं, पिसं मोजू नकोस. आधी तो बसलाय कसा ते बघ. ही शेपूट नुसती लटकत नाहीये, तोल सांभाळतेय. तो पुढे वाकला की ती वर जाते, मान वर केली की खाली येते. ही एकच रेघ आहे, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत. ती मोडलीस की पक्षी मेला."

पुढची पंधरा मिनिटं मी फक्त त्या रेघा काढल्या. वीस-बावीस तरी असतील. त्यातल्या दोन बऱ्या होत्या.

मग खालच्या झुडपात काहीतरी हललं. मुंगूस. टकाचोराचा आवाज एका क्षणात बदलला. घुंगरू गेलं आणि खरखरीत खॅ-खॅ-खॅ सुरू झालं. कुठूनतरी दुसरा टकाचोर धावून आला. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे कोण कोणता कळेना. दोघे खालच्या फांदीवर उतरून, पंख अर्धवट उघडून, माना पुढे काढून मुंगसावर ओरडत राहिले. मुंगूस थांबलं, मान वळवून वर बघितलं आणि निघून गेलं.

सर काही बोलले नाहीत. पण त्यांनी फोन काढून मला एक चित्र दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्सुई बाई हा चीनमधला, सोंग राजघराण्याच्या काळातला चित्रकार. त्याचं १०६१ सालचं रेशमावरचं चित्र, आज ते तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. वाऱ्याने वाकलेली झाडं, लांब शेपटीच्या मॅगपायची जोडी, एक हवेत, एक फांदीवर, दोघे चोची उघडून खालच्या सशावर ओरडताहेत, आणि ससा मान वळवून वर बघतोय. चित्रकाराने आपलं नाव आणि साल झाडाच्या खोडावर बारीक लिहून ठेवलंय. चीनमध्ये मॅगपाय आनंदाची खूण, त्यामुळे जोडीचं चित्र म्हणजे दुप्पट आनंद. पण मला त्यातला आनंद नंतर आठवला. आधी दिसलं ते हे, की हा माणूस कुठेतरी आमच्यासारखाच गप्प बसून राहिला होता आणि त्याने हेच बघितलं होतं.

मॅगपायवर चोरीचा आळ युरोपात जुना आहे. आपल्याकडच्या नावातही चोर आहेच, आणि कानाला तरी तो टका पळवणाराच वाटतो. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मॅगपायसमोर दाण्यांशेजारी चकचकीत वस्तू ठेवून पाहिल्या. ६४ वेळा हा प्रयोग झाला. फक्त दोनदा पक्ष्याने चकचकीत वस्तू उचलली, तीही लगेच टाकली. उलट त्या वस्तूंजवळ ते बिचकून कमी खात होते. टकाचोर दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खातो हे मात्र खरं आहे. त्याला साधूबाबा करायची गरज नाही. पण चित्र काढायला बसल्यावर त्याच्या डोळ्यात आधीपासून ठरवलेली लबाडी रंगवली तर ते त्याचं चित्र होत नाही. आज समोरचा पक्षी मध पीत होता आणि घाबरून ओरडत होता. मी तेच काढणार.

दुपारी चर्चगेटची फास्ट पकडली. तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. हे संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या निसर्ग विभागाच्या उभारणीत शेजारच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा, आणि ती सोसायटी १८८३ पासूनची. काचेमागे रोहित आहेत, धनेश आहे, मागे रंगवलेलं आकाश. लहानपणी मी या काचांना नाक लावून उभी राहायचे. पक्ष्याची पहिली ओळख मला इथे झाली, हे मी कधी विसरणार नाही. पण आज धनेशासमोर उभी राहिले आणि डोळे आपोआप ती रेघ शोधायला लागले, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत. पिसं सगळी होती, रंगही होता. फांदीवर भार मात्र नव्हता.

सरांनी तिथेच बाकावर बसून लेडी इंपीच्या, म्हणजे कोलकात्यातल्या एका इंग्रज न्यायाधीशाच्या बायकोच्या, चित्रकारांबद्दल सांगितलं. कोलकात्यात १७७७ ते १७८२ या वर्षांत पाटण्याहून आलेल्या तीन चित्रकारांनी, शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांनी, तिच्या बागेतल्या जिवंत पक्षी-प्राण्यांची तीनशेहून अधिक चित्रं काढली. पक्षी बहुतेक खऱ्या मापाचे. मोठा पक्षी तर मोठा कागद.

"तू वही एवढीशी का आणलीस?" सरांनी विचारलं.

"लोकलमध्ये सोपी पडते म्हणून."

ते उठले. काळा घोड्याच्या एका दुकानातून त्यांनी मोठ्या जाड कागदाची एक शीट घेतली, गुंडाळी केली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिली. पैसे देऊ केले तर हात झटकला.

संध्याकाळच्या गर्दीत ती गुंडाळी डोक्यावर धरून दादरपर्यंत उभी आले. आत्ता ती जमिनीवर पसरली आहे, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आहे. शेपटीचं काळं टोक अजून काढलेलं नाही, पण त्याच्याखाली चार बोटं जागा शिल्लक आहे.