दोन पाऊण दीड

ती आई माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या पिशवीत, डब्याच्या शेजारी, घरचा वायफायचा राउटर होता. रोज कामावर जाताना ती तो काढून सोबत न्यायची आणि रात्री परत लावायची. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. एक दिवस ती लवकर घरी आली, तर पोरगा जिन्यात शेजाऱ्यांच्या दाराला पाठ लावून बसलेला. त्यांचं वायफाय तिथपर्यंत येतं. "मॅडम, त्याला तसं बघून मला भडभडून आलं," ती म्हणाली. "घर असून दारात बसलेला."

मी परळ-लालबाग भागातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती तास चालेल? आकडा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सांगितलंय की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहामधल्यांना दोन तासांच्या आत. मी तो आकडा सांगते आणि लगेच पुढचं विचारते. मूल झोपतं किती, खेळतं कुठे, घरात बोलतं कुणाशी? या घरात बोलण्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. वडील परदेशी ग्राहकांच्या वेळा सांभाळणारे, रात्रपाळीचे. आई सकाळी आठला बाहेर. दुपारभर मुलगा आणि आजोबा एका खोलीत, दोन फोनांवर.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट मी तिला सांगितली. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवतं. ती खिन्नपणे म्हणाली, "आमच्या बिल्डिंगीत भोंगा कोण वाजवणार?"

महिन्यातून एका रविवारी मी काही कुटुंबांना वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला घेऊन जाते. मुंबईत निसर्ग म्हटलं की लोकांना बोरिवलीचं जंगल आठवतं. लालबागहून तिकडे जायचं तर अर्धा दिवस प्रवासात जातो. समुद्र जवळ आहे, फुकट आहे, आणि दिवसातून दोनदा आपला तळ उघडा करून दाखवतो. माझी अट एकच, घरातल्या सगळ्यांनी यायचं. आई म्हणाली, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ते घरीच बरे. मी अट सोडली नाही. हट्टापेक्षा त्यात अनुभव होता. जो माणूस मुलासोबत दिवसाचे सहा तास घालवतो त्याला वगळून काही हाती लागत नाही.

माघ शुद्ध द्वितीयेचा रविवार होता. सकाळी सातला पाच कुटुंबं कट्ट्यापाशी जमली. माझ्याकडे कापडी पिशवी असते, सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे. मुलाने फोन छातीशी धरला आणि मान हलवली. आईचा आवाज चढायला लागला. वडील आधीच कानाला फोन लावून लांब जाऊन उभे होते. मला त्यांचा राग आला होता, आजही तो आठवतो. एवढ्यात आजोबा समुद्राकडे बघत, कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "आज बीज. दोन पाऊण दीड. म्हणजे पावणेआठला सुकती लागेल, वेळ आहे अजून."

मी विचारलं, "आजोबा, हे काय गणित?"

त्यांना नवल वाटलं. "पाऊणकी. शाळेत नव्हती तुम्हाला? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बीज म्हणजे दोन. दोन पाऊण दीड. रात्री दीडला भरती झाली, आता दुपारी दीड-पावणेदोनला परत. मधे सहा-सव्वासहा तासांवर सुकती."

ओहोटीला सुकती म्हणणारा माणूस मला मुंबईत फार दिवसांनी भेटत होता.

मुलाने मान वर केली. फोन होताच हातात. त्याने भरतीचं वेळापत्रक शोधलं. दुपारची भरती १.३८. "आठ मिनिटांनी चुकलं," तो म्हणाला. पण बोलला. मग विचारलं, "पंचमीला?"

"पाच पाऊण पावणेचार."

फोन पाहिला. "एकादशी?"

"अकरा पाऊण सव्वाआठ. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो रे बाळा, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तेव्हा तुझा फोन बघ, माझ्यावर नको जाऊ."

पिशवीचा नियम माझाच. तो मी त्या दिवशी त्या मुलापुरता गुंडाळून ठेवला. बाकीच्या पालकांनी माझ्याकडे पाहिलं, एकीने विचारलंही. मी म्हटलं, थांबू थोडं. गेल्या पाच महिन्यांत त्या फोनवरून मुलगा आणि आजोबा पहिल्यांदाच एका गोष्टीबद्दल बोलत होते. तो काढून घेण्याची माझी हिंमत झाली नाही.

पुढचा अर्धा तास मात्र माझ्या हातून वाया गेला. मी लॅमिनेट केलेली कार्डं बनवली होती. वर दहा चित्रं, खाली चौकोन: खेकडा दिसला, खूण करा, शंख दिसला, खूण करा. मी ती मोठ्या हौसेने वाटली. मुलाने दहा मिनिटांत नऊ खुणा केल्या आणि कार्ड परत दिलं. "झालं. आता?" त्याने कुठल्याच प्राण्याकडे दोन सेकंदांच्या वर पाहिलं नव्हतं. लेव्हल पार केली होती. कार्डाकडे बघताना मला लख्ख कळलं की त्याच्या गेमसारखंच काहीतरी मी प्लॅस्टिकमध्ये घालून आणलंय. सगळी कार्डं गोळा केली आणि त्याच कापडी पिशवीत टाकली. बोलायचीही थांबले. मला शांत राहणं जड जातं. पालक पैसे आणि रविवार खर्च करून आलेले असतात, त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे असं वाटत राहतं.

पाणी खूप मागे गेलं होतं. कट्ट्याजवळ कचरा आहे, प्लॅस्टिक आहे, तो नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण तीस-चाळीस पावलं पुढे गेलं की खडक कालवांनी आणि खरबरीत शिंपल्यांनी पांढुरके झालेले दिसतात आणि खळग्यांत पाणी साचलेलं असतं. शेवाळावरून पाय सटकतो. आजोबा पहिल्याच खडकाशी थबकले. आईने मुलाला हाक मारली, "आजोबांना धर." त्याने एका हाताने त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्या हातात फोन. दोन पावलं टाकली आणि आजोबा डगमगले. मुलाने घाईघाईने फोन खिशात कोंबला आणि दोन्ही हातांनी त्यांना सावरलं.

पुढचा तासभर तो फोन खिशातून निघाला नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं. हात मोकळे नव्हते.

एका खळग्यापाशी आजोबा सपाट दगड बघून बसले, मुलगा उकिडवा बसला. मी तीन-चार हातांवर. पाण्यात बोटाच्या पेराएवढा एक शंख होता, करडा, टोक झिजलेलं. मुलगा म्हणाला, "रिकामा आहे." आजोबा म्हणाले, "तुझी सावली काढ त्याच्यावरची." मुलगा सरकला. काही झालं नाही. मिनिट गेलं असेल, दीड मिनिट. मला सांगावंसं वाटत होतं, ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. मग शंखाच्या तोंडाशी केसाएवढं काहीतरी हललं. दोन मिश्या. मग काडीवर लावलेल्या मोहरीच्या दाण्यांसारखे दोन डोळे. मग एक नांगी, दुसरीपेक्षा मोठी. मुलाने श्वास घेतला तेवढ्यानेही तो परत आत गेला. "हलू नको," मुलगा स्वतःलाच पुटपुटला. दुसऱ्यांदा खेकडा अर्धा बाहेर आला आणि शंखाचं बिऱ्हाड पाठीवर ओढत तुरुतुरु चालायला लागला.

"त्याचं नाही ते घर," आजोबा म्हणाले. "गोगलगाय मेली की हा त्यात शिरतो. अंगाने वाढला की मोठं बघतो."

"म्हणजे भाड्याने?"

"तुझा आजा चाळीत राहायचा तसा. एका खोलीत बाराजण."

मुलगा हसला, आणि मग त्याने विचारलं की बाराजण झोपायचे कसे. आजोबांनी सांगितलं: पाळीपाळीने. दिवसपाळीवाले रात्री, रातपाळीवाले दिवसा, अंथरूण तेच. गिरणीचा भोंगा वाजला की अर्धी खोली उठायची. मग १९८२चा संप झाला, भोंगे बंद पडले, आणि ते रखवालदार झाले. मुलाला संप माहीत नव्हता. आजोबा हर्णैजवळचे, हे त्याला ठाऊक होतं. त्यांची आई सुकतीला हातात टोचा घेऊन कालवं काढायला जायची आणि हे लहानपणी तिच्या मागे टोपली धरून चालायचे, हे ठाऊक नव्हतं. सुनेलाही नव्हतं. ती मागे येऊन उभी राहिली होती.

थोड्या अंतरावर एक कोळी बाई खरोखरच कालवं फोडत बसली होती. आजोबांनी तिला विचारलं, "काय मावशी, कसं मिळतंय?" ती मान वर न करता म्हणाली, "पूर्वीचं नाय राहिलं." आजोबांनी मुलाला दाखवलं: वरचं शिंपलं कसं उडवायचं, खालचं खडकाला कसं चिकटून राहतं. बाईने एक कालव टोच्यावर धरून पुढे केलं. मुलाने नाक मुरडलं. आजोबांनी ते कच्चंच तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले. या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, मी एरवी कुणाला तिथलं काही तोंडात घालू देत नाही, आणि पुढच्या वेळीही देणार नाही. त्या दिवशी मला अडवायला वेळच मिळाला नाही.

सव्वाआठला मी परतायची हाक दिली. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पाणी समोरून येताना दिसतं तोवर ते मागच्या चरांमध्ये आधीच शिरलेलं असतं, आणि पुढच्या खडकावरचा माणूस अडकतो. पण आजोबांचा गुडघा बसून बसून आखडला होता, त्यांना उठता येईना. मुलाने ओढलं, जमलं नाही. तेव्हा वडील खडकांवरून आले. ऑफिसचे बूट, पँट घोट्यापर्यंत भिजलेली. फोन त्यांनी दातांत धरला होता. एक खांदा त्यांनी दिला, एक मुलाने, आणि तिघं आडवे चालत कट्ट्यापर्यंत आले. वाटेत तो फोन दोनदा वाजला. घेता येण्यासारखा नव्हता.

वर आल्यावर ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. "मॅडम, मी तिथे उभा राहून बघत होतो. फोन बंद केला तर माझी नोकरी जाईल. खरंच जाईल." सकाळच्या रागाबद्दल मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. घरचा हप्ता, सासर-माहेरची आजारपणं, सगळं त्या एका फोनवर चालत होतं. आम्ही तिथेच कट्ट्यावर बसून ठरवलं: पाळी संपल्यावर झोपायच्या आधीची वीस मिनिटं, मुलगा शाळेला निघेपर्यंत, फोन स्वयंपाकघरात. तेवढंच. त्यांना पेलेल एवढंच मी मागितलं.

तीन आठवड्यांनी आई भेटायला आली. पिशवीत राउटर नव्हता. मी आशेने विचारलं, तर ती म्हणाली, गेम चालूच आहे, शनिवारी तर पूर्वीइतकाच. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. मग तिने तिच्या फोनवर एक फोटो दाखवला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय. प्रत्येक तिथीशेजारी पेन्सिलने वेळ लिहिलेली. काही आकडे थरथरत्या हाताचे, काही पाचवीतल्या अक्षराचे. शाळेतून आला की आधी दोघं फोनवरच्या वेळेशी ताडून बघतात, किती मिनिटांनी चुकलं ते कोपऱ्यात लिहितात. भांगाच्या दिवसांत चूक वाढते, हे पोराने शोधून काढलं म्हणे, आजोबांनी ते आधीच सांगितलं होतं हे विसरून. आजोबांनी आठवण करून दिली नाही. दोन रविवारी ते दोघं बस पकडून वरळीला जाऊन आले, एकदा वडीलही.

मागच्या आठवड्यात शाळेच्या सोयीसाठी मी पुढच्या फेरीची तारीख पक्की केली आणि पालकांना निरोप पाठवला: रविवार, सकाळी नऊ. संध्याकाळी त्या आईच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मुलगा होता.

"मॅडम, त्या दिवशी सप्तमी आहे. सात पाऊण सव्वापाच. नऊला पाणी अजून उतरतच असेल. आणि भांग आहे, खडक नीट उघडे पडणारच नाहीत." मागून आजोबांचा आवाज आला, काहीतरी सांगत होते. मुलगा म्हणाला, "आजोबा म्हणतात, त्याच्या पुढच्या रविवारी पौर्णिमा जवळ येते, तेव्हा दुपारनंतर ठेवा."

मी पंचांग उघडून पाहिलं आणि तारीख-वेळ बदलली.