लोणावळा-भांबर्डे-ताम्हिणी भर पावसात, आणि प्लगला करंट कमी पडला तेव्हाची गोष्ट

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि चुलतभावाने दोन गाड्यांवर हा रूट केला. पुणे, लोणावळा, घुसळखांब, पेठ शहापूर, सालतर खिंड, भांबर्डे, पिंपरी, निवे, मग ताम्हिणीच्या रस्त्याला लागून पौडमार्गे घरी. मुद्दाम मंगळवार धरला कारण शनिवार-रविवारी भुशीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, गाडी तर सोडाच. माझ्याकडे जुनी दीडशे सीसीची डर्ट टाइप गाडी आहे, कार्ब्युरेटर, सीडीआय (ठिणगीसाठी करंटचा झटका सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), किक आणि बटण दोन्ही. मॉडेलचं नाव लिहित नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काही दोष नाही, सगळा माझाच.

लोणावळ्यापर्यंतचं काय सांगायचं, हायवे तो हायवे. टाकी तिथेच फुल करा, पुढे आतल्या रस्त्याला पंपाच्या भरवशावर राहू नका, आणि मोबाईलला रेंज असली तर आपलं नशीब. पेठ शहापूरला कोराईगड अख्खा ढगात होता. भावाने तरी फोटो काढला, नुसता पांढरा आलाय.

सालतर खिंडीच्या चढाला गाडीने त्या दिवशी पहिल्यांदा मिस मारला, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून झटका खाल्ला. तिसऱ्या गिअरला, थ्रॉटल पूर्ण उघडला की फट्... फट्..., आणि सोडला की परत शहाण्यासारखी चालायची. तशी पंधरा दिवसांपूर्वी पुण्यातपण थोडी मिस मारत होती, तेव्हा एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मी बाराशे रुपयांचा सीडीआय बदलला होता आणि झालं काम म्हणून मोकळा झालो होतो. ते काम झालंच नव्हतं हे खिंडीत कळलं.

पहिला संशय पेट्रोलवर, पावसात सगळ्यांचाच तिकडे जातो. कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पाण्याच्या बाटलीच्या झाकणात थोडं पेट्रोल काढलं. पाणी असतं तर झाकणाच्या तळाला वेगळे मणी दिसले असते. स्वच्छ होतं. म्हणजे करंट, प्लगला ठिणगी पाडणारी वीज. आणि कमी थ्रॉटलला नीट, जोर लावला की मिस, हे लक्षण पण करंटचंच आहे, कारण थ्रॉटल उघडला की सिलेंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि दाबातल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. करंट मुळात अशक्त असेल तर तिथे उघडा पडतो.

व्होल्ट वाढवून प्लगला देणारी कॉईल टाकीखाली असते, आणि खिंडीत धो धो पावसात टाकी उतरवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून एक जुगाड केला. प्लग काढला, गॅप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली फट, झिजून डोळ्यालाच मोठा दिसत होता, पाहिजे साधारण ०.८ मिमी. वरचं टोक दगडावर हलकेच ठोकून गॅप कमी केला, पाकिटातलं व्हिजिटिंग कार्ड दुमडून घट्ट जाईल इतका. गॅप लहान झाला की कमी व्होल्टमध्ये ठिणगी उडते. हा इलाज नाही, फक्त घरापर्यंत किंवा निदान छपरापर्यंत पोचायची सोय आहे, पण त्यावर आम्ही तैलबैल्याचा फाटा मागे टाकून रडतखडत भांबर्ड्यात आलो.

गावात एका घराच्या पडवीशेजारी पत्र्याची शेड होती. म्हटलं, "काका, जरा गाडी आत घेऊ का? बंद पडतीय." काका म्हणाले, "घ्या की, पावसात कशाला उभं ऱ्हायलात. करंट न्हाई व्हय?" म्हणजे आम्ही टाकी उतरवायच्या आधीच निदान तयार! मावशींनी कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत, भावाने पोरांसाठी बिस्किटाचे पुडे ठेवले.

आता करंट कसा बघायचा ते नीट सांगतो कारण इथेच लोक चुकतात. इंजिनच्या हेडमधला प्लग जागेवरच ठेवायचा, त्याच्यावरची वायरीची टोपी काढून त्यात दुसरा प्लग बसवायचा, त्याची धातूची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायची आणि किक मारायची. हेडमधला प्लग काढून ठेवला तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी, पुढचं समजून घ्या. टोपी नुसती हवेत लोंबकळत ठेवून तर किक अजिबात मारू नका, करंटला जायला वाट मिळत नाही आणि कॉईल किंवा सीडीआय उडू शकतो. आणि अंधारात बघा, उन्हात सगळ्याच ठिणग्या अशक्त दिसतात. निळी-पांढरी, जाड आणि चट् असा आवाज करणारी चांगली. माझी पिवळट-केशरी, केसासारखी बारीक, आवाज नाहीच. बरं, बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आतपण पडेलच असं नाही, बाहेर दाब नसतो ना. म्हणून मी टूलकिटमध्ये एक जुना प्लग ठेवलाय ज्याचं वाकडं टोक करवतीने कापून टाकलंय, त्यात ठिणगीला कितीतरी लांब उडी मारावी लागते, सहा-सात मिलिमीटर. त्यात उडली तर करंट खरा. माझी तिथे एकदाही उडली नाही.

मग टोपीकडे वळलो. ही टोपी वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते, उलटी फिरवली की निघते. आत पाण्याचे दोन थेंब आणि वायरीचं टोक बघतो तर तांबं नव्हतंच, हिरवी पूड. पकडीने एक सेंटिमीटर वायर कापली, आत लख्ख तार दिसली, टोपी पुसून, फुंकून परत पिळून बसवली. वायर आधीच आखूड असेल तर जपून कापा हं, टोपी प्लगपर्यंत पोचायला पाहिजे. ठिणगी सुधारली पण अजून मनासारखी नव्हती.

टाकी उतरवून बाजूला पडवीत नेऊन ठेवली. टाकीखाली कॉईल, चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) दहाच्या बोल्टने आवळलेली. भाऊ म्हणाला, "दादा, हा रंग बघ की." मार्चमध्ये मी हौसेने चेसीला पावडर कोटिंग करून घेतलं होतं, काळं, मॅट, लोक विचारायचे कुठे केलं. तर कॉईल जिथे बसते तिथेपण तेच कोटिंग. माझ्या गाडीत कॉईलचा अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची वाट) तिच्या पट्टीतूनच चेसीला मिळतो, वेगळी अर्थ वायर नाही, आणि पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. उन्हाळाभर बोल्टच्या आट्यांतून कसाबसा अर्थ मिळत होता, पावसात आटे गंजले आणि तेवढाही गेला. सीडीआय कॉईलला दोनेकशे व्होल्टचा झटका देतो, पण त्याला परत यायला धड रस्ताच नाही, तर प्लगला काय पोचणार. चाकूने दोन्ही भोकांभोवती रुपयाएवढी जागा धातू चमकेपर्यंत खरवडली, बोल्टला पॉलिश पेपर मारला, आवळलं. किक मारली आणि कापलेल्या प्लगवर चट्! चुलीपाशी बसलेल्या काकांना ऐकू गेला आवाज. मग गॅप परत कार्डाच्या अंदाजाने थोडा वाढवला आणि निघालो.

घरी येऊन मीटर लावला तर टोपीपण म्हातारी निघाली, रेझिस्टन्स पाच किलोओहम पाहिजे, ही हलवली की अठराच्या वर जात होती. नवीन घातली, आत सिलिकॉन ग्रीस भरलं, आणि खरवडलेल्या जागेवर आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस फासलं. जुना सीडीआय परत लावून बघितला, मस्त चालतोय. नवीन खोक्यात पडलाय.

कोणाची गाडी किकवर चालू होते पण बटणावर नाही, असं असेल आणि सीडीआय बॅटरीवर चालणारा असेल तर आधी बॅटरी बघा, स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली बसतं आणि सीडीआय उपाशी राहतो. भावाच्या गाडीचा सीडीआय बॅटरीवर नाही, मॅग्नेटोवर (इंजिनसोबत फिरून वीज करणारा भाग) आहे, त्याच्याकडे मागच्या वर्षी किल स्विचमध्ये (इंजिन बंद करायचं बटण) पाणी जाऊन माझ्यासारखाच करंट कमी पडला होता, स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला की गाडी ठणठणीत. फुकटात बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, मी तर खर्चापासून सुरुवात केली होती.

भांबर्ड्याच्या पुढे पिंपरीपर्यंत रस्त्यावर धुकं एवढं की पुढच्याचा टेललाईट दहा फुटांवर गायब. कुंडलिका दरीपाशी थांबायचं ठरलेलं, थांबलो, काही दिसलं नाही, नुसता खालून पाण्याचा आवाज. निव्याच्या बाजूला खड्डे पाण्याने भरलेले असतात, खोली कळत नाही, पुढची गाडी जाऊ द्या आणि मग तुम्ही. पौडला सहा वाजले. तिथे चहा पिताना भावाने तो टोक कापलेला प्लग मागून घेतला, म्हटलं घे, घरी अजून चार आहेत जुने.