ए ड्राइव्हमध्ये राहिलेली फ्लॉपी

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही, असं पत्र आलं आणि मन थेट जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसलं. चपला बाहेर, हात धुवून आत. अख्ख्या शाळेत एसी तेवढा तिथेच, तोही आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी! बाई कोणत्या, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको.

शनिवारी शाळा सुटली की बाई अर्धा तास गेम खेळू द्यायच्या. तिथल्या एक्सटींना, म्हणजे त्या जुन्या पीसींना, हार्ड डिस्क नव्हती. आधी डॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रणालीची फ्लॉपी, मग ती काढून गेमची. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त राजकन्येपर्यंत पोचायला 60 मिनिटं मिळतात. आमच्याकडे 30, आणि त्यातली कितीतरी ड्राइव्हची घरघर ऐकण्यात जायची. नवी लेव्हल आली की लाल दिवा, घरघर, आणि आम्ही श्वास रोखून.

ऑफिसातल्या 286 ला, म्हणजे एक्सटीच्या पुढच्या पिढीच्या पीसीला, मात्र 40 एमबीची हार्ड डिस्क होती, निकालपत्रकांसाठी. एका शनिवारी बाईंनी मला तिच्यावर गेम उतरवू दिला. लेव्हल झटक्यात आली! "का रे?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "डिस्क मोठी आहे म्हणून." बाईंनी काही न बोलता भिंतीवरचा पंखा बंद केला, तो थांबू दिला आणि पुन्हा लावला. "लगेच आला वारा?" फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घेते आणि काम झालं की थांबते; हार्ड डिस्क 3600 फेऱ्यांनी सारखी फिरतच असते. हे मी आजही नव्या मुलांना पंखा लावूनच शिकवतो.

त्या आनंदात गेमची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्येच, म्हणजे फ्लॉपीच्या कप्प्यातच, राहिली. सोमवारी क्लार्कसाहेबांनी मशीन लावलं, 'नॉन-सिस्टिम डिस्क' असा संदेश आला, त्यांनी फ्लॉपी काढून बटण दाबलं. झालं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधला, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी वाचल्या जाणाऱ्या भागातला पाहुणा, एक व्हायरस, तेवढ्यात हार्ड डिस्कवर मुक्कामाला गेला होता.

5 जानेवारी 1993. मशीन गप्प, पडद्यावर आज्ञा: 'हॅप्पी बर्थडे जोशी' टाइप करा. शाळेत तेव्हा जोशी तिघे. हेडसरांनी तिघांनाही बोलावून जन्मतारखा विचारल्या! बाईंनी शांतपणे ते शब्द टाइप केले आणि मशीन सुरू झालं. निकाल शाबूत होते. नंतर बाईंनी खाचेवर काळी पट्टी चिकटवलेल्या, म्हणजे जिच्यावर काही लिहिलं जाऊ शकत नाही अशा स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करून व्हायरस काढला. मला शेजारी उभं केलं होतं.

"फ्लॉपी कोणाची?" हेडसरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे गेम बंद झाले नाहीत, फक्त रोज मशीन बंद करायच्या आधी ड्राइव्ह तपासायचं काम माझ्याकडे आलं. दहावीपर्यंत ते केलं.

आज पुण्यात माझा डेटा रिकव्हरीचा व्यवसाय आहे. 18 माणसं आहेत, त्यातली दोन आपल्याच शाळेची. गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी लॅब वरच्या मजल्यावर, झकास आहे. पण मुलं बुटांसकट आत जातात आणि जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. तिथे काही घरघरत नाही. मला ते बरं वाटलं नाही, आता कोणी जुनाट म्हणो.

बाई, एक सांगायचं राहिलं. ती फ्लॉपी माझीही नव्हती. शेजारच्या बाकावरच्याने आणली होती. तोही महोत्सवाला येतोय, त्यालाच विचारा.