आठ कुठे गेला?

शाळा सोडून गेलेली मुलं, कधी त्यांचे पालकही, मला एक आकडा पाठवून विचारतात, "बाई, हा खरंच चमत्कार आहे का?" आकडा असतो १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे १११११११११ चा वर्ग. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. चमत्कार नाही. पण फार सुंदर आहे, आणि कारण कळल्यावर तर जास्तच.

कागद घ्या आणि गुणाकार शाळेतल्यासारखा उभा मांडा. १११११११११ नऊ वेळा, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. आता बेरीज करा. एककाच्या घरात एकच १ आहे, दशकात दोन, शतकात तीन. नवव्या घरात नऊही ओळी एकाखाली एक येतात, म्हणून तिथे ९. पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि ८, ७, ६ करत पुन्हा १ वर येतो. सतरा घरं भरली, एकदाही हातचा आला नाही. सगळं गुपित त्या न आलेल्या हातच्यात आहे.

१, १२१, १२३२१ हे सगळं एकच घराणं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी, म्हणजे 'कापरेकर स्थिरांक' म्हटल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत असलेल्या त्याच कापरेकरांनी, अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. ज्या रेल्वे स्थानकात ही कल्पना सुचली त्याचं हे नाव, आजचं डोंबिवली. शाळामास्तराने फलाटावर असा विचार करत उभं राहावं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता १ हा अंक दहा वेळा लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. मधल्या घरात १० येतात. शून्य मांडा, हातचा एक. शेजारच्या ९ चे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या शेजारच्या ८ चे नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला! १११११११११ ला ९ ने भागलंत तर १२३४५६७९ येतात; तिथला आठही असाच हातच्याने नेलेला.

म्हणजे ही नक्षी आपल्या दशमान लिखाणाची आहे. आठाच्या पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठ झाले की हातचा जातो तिथे, ती सात एकांपर्यंतच टिकते, सोळाच्या पद्धतीत पंधरापर्यंत. म्हणून मुलांना मी नक्षीवर थांबू देत नाही, संख्येचे अवयव पाडायला लावते. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. हे कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी बदलत नाही. आपल्या सतरा अंकी संख्येत हे सगळे अवयव दोनदा येतात, त्यामुळे तिला ४५ विभाजक मिळतात. विभाजकांच्या जोड्या लागतात, मग ४५ विषम कसे? कारण १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते.