हिंडल वेक्स + हार्मोनियम-तबला : साच्यांचा ठेका बसला एकदाचा

मंडळी, हिंडल वेक्सचं पार्श्वसंगीत आता बऱ्यापैकी आकाराला आलंय म्हणून अपडेट टाकतोय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 1927 चा ब्रिटिश मूकपट, डायरेक्टर मॉरिस एल्वी, 1912 साली रंगमंचावर आलेल्या स्टॅनली हॉटनच्या नाटकावरून. (एल्वीने हीच गोष्ट 1918 मध्येही पडद्यावर आणली होती.) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणीत काम करणारी फॅनी वेक्स वीकला, म्हणजे सगळ्या गिरण्या एकदम बंद होऊन अख्खं गाव सुट्टीवर जायचं त्या आठवड्यात, मैत्रिणीबरोबर समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाते, तिथे मालकाचा पोरगा ॲलन भेटतो आणि दोघं गुपचूप वेल्समध्ये लॅंडिडनोला जातात. एस्टेल ब्रोडीने फॅनी काय केलीय, बघाच.

सगळ्यात जास्त वेळ साचेखात्याने, म्हणजे गिरणीतल्या विणमागांच्या (साच्यांच्या) विभागाने खाल्ला. लँकेशायर साच्याचा धोटा (आडवा धागा नेणारा) मिनिटाला साधारण 200 वेळा इकडून तिकडे जायचा, म्हणून मेट्रोनोम 200 वर लावून केरवा तालाची एक मात्रा म्हणजे धोट्याची एक फेक असा हिशोब धरला, डाव्या-उजव्या हाताची बदलती थाप आणि पेटीवर फक्त सा आणि प, बाकी काही नाही. सुर वाढवून पाहिले तर साच्यांची भीतीच निघून जाते. खऱ्या खात्यात तर एवढा आवाज असायचा की विणकर बायका ओठ मोठेमोठे हलवून बोलायच्या, त्याला मी-मॉइंग म्हणायचे, समोरची नुसते ओठ वाचून उत्तर देणार. मूकपटासाठी यापेक्षा योग्य जागा कुठली असणार सांगा! म्हणून बायका बोलतात तिथे मी पेटी मुद्दाम दाबूनच ठेवलीय, वर तबलाच.

ब्लॅकपूल मात्र मजेत झालं. टॉवर बॉलरूमची तुडुंब गर्दी नाचते तिथे वाल्ट्झच्या चालीचा दादरा ताल. रोलर कोस्टरवर कॅमेराच गाडीत बसलाय, तिथे पेटी पूर्ण बंद, फक्त डग्गा घुमवत न्यायचा आणि गाडी खाली सुटली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. तबल्यावरचा मित्र ती सम अशी काही घेतो की पोटात गोळा येतो.

आता खरा मुद्दा. मैत्रीण बुडून जाते, घरी सगळं कळतं, दोन्ही घरचे मिळून लग्न ठरवायला बसतात आणि फॅनी सरळ नाही म्हणते, चार दिवसांची मजा होती तुझ्यासारखीच माझीही, लग्न कशाला. 1927 मध्ये! इथे करुण सुर लावला की ती बिचारी होते आणि जोरदार काही वाजवलं की भाषण होतं, मला दोन्ही नको. मी तिथे तोच साच्यांचा केरवा हळू लयीत आणलाय, कारण तिच्या नकारामागे तिची स्वतःची मजुरी आहे, हातात काम आहे म्हणून ती घर सोडू शकते. आणि ती परत साच्यावर उभी राहते तेव्हा लय पुन्हा 200, पण आता पहिल्यांदाच पेटीवर पूर्ण चाल, ठेका खाली आणि फॅनी वर. ही जागा जमल्यावर आम्ही दोघं कितीतरी वेळ तीच वाजवत बसलो होतो.

कुणी विचारलं होतं की आपल्याकडचा मूकपट का नाही घेतला. बाबूराव पेंटरांच्या सावकारी पाशमध्ये (1925) जमीन गेलेला शेतकरी मुंबईच्या गिरणीत येतो, वाजवायला जीव टाकला असता, पण प्रिंटच उरलेली नाही हो.

राहिलंय काय तर लॅंडिडनोचा भाग. तिथे पहाडी राग घ्यावा असं मला वाटतं, मित्र म्हणतो मांड. दोन्ही रेकॉर्ड करून टाकतो, ऐकून सांगा, आणि कुणाकडे खऱ्या साचेखात्याच्या आवाजाचं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर प्लीज पाठवा, लय अजून एकदा ताडून बघायचीय.